ॲफिलिएट, एमएलएम की पिरॅमिड: पैसे भरायच्या आधी फरक कसा ओळखायचा

मागच्या महिन्यात माझ्या आतेभावाचा मुलगा घरी आला होता, कराडला बीएस्सी सेकंड इयरला आहे, आणि जेवताना हळूच म्हणाला, "आत्या, मी पण आता तुझ्यासारखं ॲफिलिएट मार्केटिंग सुरू करतोय, फक्त सुरुवातीला साडेचार हजार भरायचेत, बाबांना सांगू नको." मी ताटावर तशीच बसून राहिले. मी २०२० पासून ॲफिलिएट करते, किचनच्या वस्तूंचं, मिक्सर, कुकर, घरघंटी वगैरे, आणि इतक्या वर्षांत हे काम करायला मिळावं म्हणून मी कुणाला एक रुपया भरलेला नाही. म्हणजे तो जे सुरू करत होता ते वेगळंच काहीतरी होतं, नाव फक्त ॲफिलिएट होतं.

आणि ते वेगळं काय असतं ते मला चांगलं माहितीये, कारण २०१७ मध्ये मी त्यात होते. शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला, एक बिझनेस आहे, फोनवर नाही सांगता येत, भेटूनच बोलू. कोल्हापूरच्या एका हॉलमध्ये सेमिनार, कोट घातलेले लीडर, टाळ्या, रडणारे लोक. आईने बचत गटातून कर्ज काढून मला साडेनऊ हजार दिले, त्यात मला सुटाचं कापड आणि पावडरचे दोन डबे मिळाले. मी माझी मामेबहीण आणि शेजारच्या काकूंना जोडलं. अकरा महिन्यांनी सगळं बंद. काकूंचे पैसे मी दर महिना पाचशे करत परत केले, ते पूर्ण व्हायला दीड वर्ष लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नावं बदलत राहतात, पद्धत तीच असते, आणि ओळखायची आहे ती पद्धत.

पुढच्या पायऱ्या शक्यतो त्याच क्रमाने करा. हाताशी लागेल एक कागद, पेन, आणि समोरच्याने दिलेला कंपनीचा प्लॅन, पीडीएफ असो नाहीतर फोटो. प्लॅन लेखी देतच नसतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही, तिथेच नाही म्हणा.

## १. एकच कुकर तीन पद्धतीने विकून बघा

समजा दोन हजारांचा एक कुकर आहे.

ॲफिलिएट असं असतं: मी तो कुकर वापरते, त्यावर लिहिते किंवा व्हिडिओ करते, खाली लिंक देते. तुम्हाला कुकर हवाच होता, तुम्ही लिंकवरून दुकानाच्या साइटवर गेलात, दोन हजारालाच घेतलात, दुकानाने त्याच्या नफ्यातून मला समजा साठ-सत्तर रुपये दिले. विषय संपला. तुम्ही भात शिजवा, तुम्हाला कुणाला जोडायचं नाही, माझ्याशी परत बोलायचंही नाही.

एमएलएम, म्हणजे मल्टी लेव्हल मार्केटिंग, ज्याला आपल्याकडे डायरेक्ट सेलिंग पण म्हणतात, त्यात मी कंपनीची विक्रेती बनते. कुकर मला सवलतीत मिळतो, मी तो ओळखीपाळखीत विकते, मधला फायदा माझा. वर मी अजून विक्रेते जोडले तर त्यांनी केलेल्या विक्रीवर मला थोडं कमिशन, त्यांनी जोडलेल्यांच्या विक्रीवर अजून थोडं. यात कुकर खरंच बाहेरच्या माणसाच्या गॅसवर चढत असेल, तर हे कायद्यात बसतं. अवघड आहे, दमवणारं आहे, पण बेकायदा नाही.

पिरॅमिड म्हणजे: आठ हजार भरून जॉइन व्हा, कुकर भेट. त्या आठ हजारातले काही ज्याने तुम्हाला आणलं त्याला, काही त्याच्या वरच्याला, काही त्याच्याही वरच्याला, उरलेले कंपनीला. तुम्ही आठ हजार परत कसे मिळवणार? अजून माणसं आणून. कुकर इथं फक्त दाखवायला आहे, उद्या त्याऐवजी कापड, कोर्स, हॉलिडे पॅकेज किंवा नुसता सभासद नंबर, म्हणजे "आयडी" दिला तरी प्लॅनमध्ये काही बदलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न कागदावर लिहा: उद्या सकाळपासून नवीन जॉइनिंग बंद झालं, तर कुणालाही पैसे मिळतील का? ॲफिलिएटमध्ये मिळतात, लोकांना कुकर लागतच राहणार. खऱ्या डायरेक्ट सेलिंगमध्येही मिळतात, कमी का होईना. पिरॅमिड त्याच दिवशी थांबतो.

आणि एक फरक मला फार उशिरा कळला पण तो सगळ्यात सोपा आहे. ॲमेझॉनसारख्या मोठ्या ॲफिलिएट प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी केली तर कमिशन मिळत नाही, उलट सारखं केलं तर अकाउंट बंद होतं. पिरॅमिडमध्ये स्वतः खरेदी केल्याशिवाय तुम्ही आतच जाऊ शकत नाही. एका ठिकाणी दुकानाला तुमच्याकडून ग्राहक हवाय, दुसऱ्या ठिकाणी तुम्हीच ग्राहक आहात आणि तुम्हाला ते सांगितलेलं नाही.

## २. गणित स्वतःच्या हाताने करा, लीडरच्या बोर्डवर नको

सेमिनारमध्ये बोर्डवर लिहितात, फक्त पाच जण आणायचे, ते पाच-पाच आणतील, बस. ऐकायला एवढंसं वाटतं. आता घरी बसून हे पुढे न्या.

५, २५, १२५, ६२५, ३,१२५, १५,६२५. इथपर्यंत सहा पायऱ्या झाल्या आणि वरचा एक धरून एकूण १९,५३१ माणसं. तुमचं गाव चाळीस हजार वस्तीचं असेल तर लहान मुलं, आजी-आजोबा धरून निम्मं गाव आत आलं. सातवी पायरी ७८,१२५, म्हणजे तुमचं गाव संपलं, शेजारचं पण संपलं. बाराव्या पायरीला एकट्या त्या पायरीवर २४ कोटी ४१ लाख माणसं लागतात आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती.

पण याहून महत्त्वाचं वेगळंच आहे, ते नीट बघा. असा पाच-पाचचा पिरॅमिड कुठल्याही पायरीवर थांबला तरी त्यातले सुमारे ८० टक्के लोक शेवटच्या पायरीवर असतात, ज्यांच्या खाली एकही माणूस नाही. म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणांनी फक्त भरलेत. आळशी होते, पॉझिटिव्ह नव्हते, मीटिंगला आले नाहीत, यातलं काहीही कारण नाही, त्या आकाराचाच तो परिणाम आहे. मला तेव्हा वर्षभर सांगत होते की तूच कमी पडतेस आणि मी ते खरं मानून रात्री रडायचे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. कुणी नापास झालेलं नसतं तिथे, जागाच तेवढ्या असतात.

## ३. प्लॅनमधले हे शब्द शोधा

समोरचा माणूस प्लॅन दाखवायला आला की पेनाने या शब्दांखाली रेघ मारा.

आयडी लावणे (पैसे भरून सभासद होणे), टॉप-अप (त्या आयडीवर परत पैसे भरणे), ॲक्टिव्ह राहणे. दर महिना अमुक रुपयांची खरेदी केली नाही तर त्या महिन्याचं कमिशन लॅप्स होतं, असं असेल तर कंपनीचा खरा गिऱ्हाईक तुम्ही आहात. आमच्याकडे दर महिना दोन हजारांची खरेदी होती, घरात पावडरचे डबे साचलेले, आईने शेवटी ते शेजारी वाटून टाकले.

लेफ्ट-राइट, पेअर, मॅचिंग. याला बायनरी प्लॅन म्हणतात. तुमच्या खाली दोन फांद्या, पैसे मिळतात ते दोन्हीकडे जोडी जुळली तरच. माझ्या डाव्या बाजूला ४१ जण झाले होते कारण वरच्या लीडरने त्याची माणसं तिथे घातली, उजव्या बाजूला फक्त ३. पेमेंट ३ जोड्यांचं. बाकीचे ३८ माझ्या "टीम"मध्ये आहेत असं सगळीकडे सांगत होते, पण त्यांचा मला रुपयाचा उपयोग नव्हता. कागदावर टीम मोठी दिसते आणि हातात काही येत नाही, ही बायनरीची खासियत आहे, आणि लोक टिकून राहतात ते याच आशेवर की आता फक्त उजवी बाजू भरली की झालं.

कॅपिंग. दिवसाला किंवा आठवड्याला याच्यावर मिळणार नाही अशी मर्यादा. विक्रीचा धंदा असता तर जास्त विक्रीला कुणी कशाला मर्यादा घातली असती, विचार करा.

बीव्ही, पीव्ही, म्हणजे बिझनेस व्हॉल्यूम, पॉइंट व्हॅल्यू. वस्तूची किंमत आणि तिचे पॉइंट वेगळे असतात. तीन हजारांच्या वस्तूला पाचशे बीव्ही. कमिशनचे टक्के बीव्हीवर असतात, पण बोलताना सांगतात तीन हजारावर असल्यासारखं. हे खऱ्या डायरेक्ट सेलिंग कंपन्यांतही असतं, त्यामुळे एवढ्यावरून फ्रॉड म्हणू नका, फक्त हिशोब बीव्हीवर करून बघा.

ॲफिलिएट प्रोग्रॅमच्या पानावर हे शब्द सहसा सापडणार नाहीत. तिथे असतं कॅटेगरी आणि तिचा टक्का, कुकीचा वेळ (क्लिक केल्यावर किती वेळात खरेदी झाली तर ती तुमची धरतात), पेमेंट कधी, रिटर्न आला तर कमिशन रद्द. काही ॲफिलिएट प्रोग्रॅममध्ये तुम्ही दुसऱ्या ॲफिलिएटला आणलंत तर त्याच्या विक्रीतला छोटा हिस्सा देतात, टू-टियर म्हणतात त्याला. जॉइनिंग फुकट आणि पैसे फक्त विक्रीवर असतील तर त्यात मला गैर वाटत नाही. तिसरी, चौथी, पाचवी लेव्हल दिसायला लागली की उठा.

## ४. "कोर्स घ्या आणि कोर्सच विका" हा नवा प्रकार

हे जरा सविस्तर लिहिते कारण आमचा पोरगा यातच अडकत होता आणि सध्या कॉलेजच्या मुलांना हेच गाठतंय.

सुटाचं कापड आता गेलं. आता डिजिटल पॅकेज आहे, वेगवेगळ्या किमतीचं, छोटं काही हजारांचं आणि मोठं वीस-पंचवीस हजारांपर्यंत. आत व्हिडिओ असतात, इन्स्टाग्राम कसं वाढवायचं, इंग्लिश कसं बोलायचं, माइंडसेट. पॅकेज घेतलं की तुम्हाला लिंक मिळते आणि त्या लिंकवरून तुम्ही तेच पॅकेज दुसऱ्याला विकलंत की अर्ध्याहून जास्त रक्कम तुमची. लिंक आहे, कमिशन आहे, म्हणून ते म्हणतात हे ॲफिलिएट मार्केटिंग आहे. तुम्ही ज्याला विकलंत त्याने पुढे ज्याला आणलं त्यावर तुम्हाला परत "पॅसिव्ह" म्हणून थोडं मिळतं, ते खाली बारीक अक्षरात.

आता हे खरं की खोटं कसं ओळखायचं? मी त्याला चार गोष्टी विचारायला लावल्या, त्या तुम्हीही विचारा.

एक, पॅकेज न घेता मला नुसती लिंक मिळेल का? खरा ॲफिलिएट प्रोग्रॅम हो म्हणतो. त्याला उत्तर आलं, "आधी स्वतः इन्व्हेस्ट केलं नाही तर दुसऱ्याला कसं सांगणार?" दुसरी गोष्ट, मोठं पॅकेज घेतलं तरच मोठ्या पॅकेजचं कमिशन मिळतं का? त्याला सांगितलं हो, छोटं घेतलंस आणि मोठं विकलंस तर कमिशन छोट्याचंच. म्हणजे कमिशन तुम्ही काय विकलं यावर नाही, तुम्ही किती भरलं यावर ठरतं, आणि हे विक्रीच्या कुठल्याच धंद्यात नसतं. तिसरी, असा एक तरी माणूस दाखवा ज्याने हा कोर्स फक्त शिकायला घेतला आणि विकत नाहीये. असा एकही माणूस ते दाखवू शकले नाहीत. चौथी, व्हिडिओत नक्की काय शिकवतात? बहुतेक वेळ हाच कोर्स कसा विकायचा ते, ओळखीच्यांची शंभर नावांची लिस्ट, कुणाला आधी फोन करायचा, स्टेटसला काय टाकायचं.

म्हणून मी कोर्सचे ॲफिलिएट वाईट म्हणत नाही. कुणी टॅली शिकवतो, शिकणारे पैसे देऊन टॅली शिकतात, नोकरीला लागतात, आणि एखाद्या यूट्यूबरने ती लिंक दिली तर त्याला कमिशन, हे अगदी सरळ आहे. तिथं शिकणारा शिकतो. इथं शिकणाऱ्याने विकायला शिकायचं, तेही हेच.

अजून दोन सापळे यातले. स्क्रीनशॉट: डॅशबोर्डवर लाखाचा आकडा दाखवतात, पण तो बँक स्टेटमेंट नसतो, आणि असला तरी त्याने स्वतः किती भरलं आणि रिफंड किती गेले ते त्यात नसतं. आणि ईएमआय: पैसे नसतील तर मोबाईलवरच्या लोन ॲपवरून हप्ते करून देतो म्हणतात, मित्राचं क्रेडिट कार्ड वापर म्हणतात. शिकणाऱ्या मुलाला कर्ज काढायला लावणारा धंदा, मग त्याचं नाव काहीही असो, मी त्याच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.

टेलिग्रामवरचे "टास्क" तर यातही येत नाहीत, व्हिडिओ लाइक करा दीडशे रुपये मिळतील, मग हजार भरा तेराशे मिळतील, मग तीस हजार. ती सरळ सायबर फसवणूक आहे. तेही स्वतःला ॲफिलिएट म्हणवतात म्हणून इथे लिहिलं.

## ५. कायदा काय सांगतो, थोडक्यात पण नीट

आपल्याकडे १९७८ चा कायदा आहे, प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट. नवीन सभासद येण्यावर अवलंबून असलेले पैसे देण्याचं आश्वासन, झटपट किंवा सहज पैसे मिळवून देणारी योजना, नाव काहीही असो, हे सगळं त्यात बंद आहे. आणि हे लक्ष देऊन वाचा: चालवणारा तर गुन्हेगार आहेच, पण त्यात सभासद होणं, भाग घेणं, त्यासाठी पैसे घेणं-पाठवणं हेही त्या कायद्यात मना आहे. ही मनाई मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे मी जेव्हा काकूंचे पैसे घेऊन वर पाठवले तेव्हा मी फक्त फसलेली नव्हते, कायद्याच्या नजरेत मी पण काहीतरी केलेलं होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी काकूंच्या दारात गेले नसते.

डायरेक्ट सेलिंगसाठी केंद्राने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एंट्री फी घ्यायची नाही, डेमोच्या सामानाचे पैसे घ्यायचे नाहीत, माणसं जोडण्याबद्दल मोबदला नाही असं होतं. मग २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम आले. त्यात पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशनला सरळ बंदी आहे, कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार करायचा, ओळखपत्र द्यायचं, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार आल्यावर कामकाजाच्या ४८ तासांत पोच द्यायची. "अजून लोक आणा म्हणजे तुमच्या वस्तूचे पैसे वसूल होतील" असं सांगून वस्तू विकणंही त्यात चालत नाही. हेच वाक्य तर प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकू येतं.

रेषा किती बारीक आहे ते एका कंपनीवरून कळतं. ॲमवेच्या बाबतीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये ठरवलं की हा पिरॅमिड नाही, कारण त्यांच्याकडे न खपलेला माल परत घ्यायचा नियम होता, घेतलेल्या मालातला ७० टक्के विकलेला असावा आणि महिन्याला १० वेगळ्या ग्राहकांना विक्री असावी असे नियम होते. आपल्याकडे २००७ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने त्याच कंपनीची योजना प्रथमदर्शनी १९७८ च्या कायद्यात बसते असं म्हटलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये ईडीने पिरॅमिडचा आरोप ठेवून तिच्या ७५७ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. आरोप म्हणजे निकाल नव्हे, पण एवढ्या मोठ्या नावावर इतकी वर्षं वाद होतो तर कोपऱ्यावरच्या लीडरने "आपलं सगळं लीगल आहे" म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका. त्या अमेरिकन निकालातले तीन नियम मात्र मी आजही चाळणी म्हणून वापरते: माल परत घेतात का, माल बाहेर जातो का, बाहेरचे ग्राहक आहेत का.

मुंबईतली दोन उदाहरणं बहुतेकांना आठवत असतील. स्पीक एशिया, ११ हजार भरून ऑनलाइन सर्व्हे भरायचे, २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत प्रकरण गेलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये दादरचं टोरेस नावाचं खड्यांचं दुकान, दर आठवड्याला परतावा, लोक आणले तर बोनस, आणि एका सकाळी शटर बंद आणि बाहेर रांग. वस्तू वेगळी, वर्ष वेगळं, दुकान एकदम चकाचक.

## ६. "सर्टिफिकेट आहे" याला भुलू नका

दाखवतात ते कागद आणि त्यांचा खरा अर्थ:

- कंपनी रजिस्ट्रेशन, सीआयएन नंबर: फक्त कंपनी अस्तित्वात आहे एवढंच. प्लॅन कायदेशीर आहे असं नाही.
- जीएसटी नंबर: टॅक्स भरण्यासाठी नोंद आहे. जीएसटीच्या साइटवर टाकून बघा, पत्ता आणि व्यवसाय काय लिहिलाय ते तरी कळेल.
- एमएसएमई म्हणजे उद्यम: घरबसल्या स्वतःच माहिती भरून मिळतं.
- आयएसओ: प्लॅनशी काही संबंध नाही.
- पुढाऱ्यांबरोबर, नटांबरोबर फोटो: फोटो काढायला कुणालाही मिळतो.

मागायचे ते कागद वेगळे आहेत. विक्रेत्याचा करार सही करायच्या आधी, परत घेण्याची म्हणजे बाय-बॅकची अट, कूलिंग-ऑफचा काळ (सही केल्यावर दंड न भरता करार रद्द करता येतो ते दिवस) किती, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर. हे मागितल्यावर समोरचा "तुम्ही फार निगेटिव्ह आहात" म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

## ७. खरं ॲफिलिएट सुरू करायचं असेल तर

लागतं काय: वय १८ पूर्ण, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं, मोबाईल नंबर, आणि एक जागा जिथे लोक तुमचं वाचतात किंवा बघतात, म्हणजे वेबसाइट, यूट्यूब चॅनल, इन्स्टा पेज. फी नाही. कुणी ॲफिलिएट अकाउंट काढून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, दहा मिनिटांचा फॉर्म आहे.

विषय असा घ्या ज्यात तुम्ही स्वतः वस्तू हाताळता. मी घरघंटीवर लिहिलं कारण आमच्याकडे ती आहे, ज्वारी दळताना जाळी कुठली लावायची, आवाज किती होतो, पीठ कुठून उडतं, हे लोकांना विकत घ्यायच्या आधी हवं असतं आणि कंपनीच्या पानावर ते नसतं.

नियम वाचा, कंटाळवाणे आहेत पण वाचा. ॲमेझॉनचा असोसिएट्स प्रोग्रॅम १९९६ पासून चालू आहे, त्यात अकाउंट काढल्यावर १८० दिवसांत ३ विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं, आणि लिंकवर क्लिक केल्यापासून साधारण २४ तासांत खरेदी झाली तरच ती तुमच्या नावावर धरतात. मला हे माहीत नव्हतं, पहिलं अकाउंट माझं बंद झालं, परत काढावं लागलं.

लिंक ॲफिलिएट आहे हे स्पष्ट लिहा. मी साध्या भाषेत लिहिते, "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत तीच राहते." जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या केंद्राच्या सूचनांनुसार कंपनीशी तुमचा आर्थिक संबंध असेल तर तो सांगणं बंधनकारक आहे. पिरॅमिडवाला हा संबंध लपवतो, "फोनवर नाही सांगता येत" म्हणतो. मी पहिल्या ओळीत सांगते.

कमाईचं खरं सांगते. पहिले सहा महिने शून्य. सातव्या महिन्यात ३८ रुपये, चहा-गाळणीच्या सेटवर. आता चांगल्या महिन्यात, दिवाळीच्या आसपास, घरभाडं निघतं, मे-जूनमध्ये लाइट बिल निघतं. टक्के कधीही कमी होतात, वस्तू परत आली की कमिशन परत जातं. नोकरी सोडून हे सुरू करा असं मी कुणालाही म्हणणार नाही.

टॅक्स: वर्षाला २० हजारांच्या वर कमिशन गेलं की कंपनी २ टक्के टीडीएस कापते, पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. रिटर्न भरा, कापलेला बऱ्याचदा परत मिळतो.

## ८. जवळचा माणूस प्लॅन घेऊन आला तर

हे सगळ्यात अवघड आहे, कारण येतो तो कोण असतो, मेहुणा, ऑफिसमधला मित्र, सोसायटीतल्या वहिनी. परदेशातही हेच, अमेरिकेत इंडियन ग्रोसरीच्या दुकानात मराठी ऐकून कुणी आपुलकीने "तुम्ही कुठले?" विचारतं आणि पुढच्या आठवड्यात कॉफीला बोलावून प्लॅन. नवीन गावात एकटं वाटत असताना ती आपुलकी नाकारणं सोपं नसतं.

मी वाद घालत नाही, त्याला खोटारडं म्हणत नाही, कारण बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा खरंच विश्वास असतो. मी एवढंच म्हणते: "मी पैसे भरणार नाही, पण तुझी वस्तू चांगली असेल तर मला एक विकत दे, जॉइन न होता." डायरेक्ट सेलिंग असेल तर तो आनंदाने विकतो. पिरॅमिड असेल तर त्याच्याकडे विकायला काही नसतं आणि ते त्यालाही तेव्हाच जाणवतं. आमच्या आतेभावाच्या मुलाला मी हेच त्याच्या "मेंटॉर"ला विचारायला लावलं. तो म्हणाला, नुसता कोर्स कोण घेणार?

## ९. आधीच अडकला असाल तर

आजपासून नवीन माणूस जोडू नका. स्वतःचे पैसे काढण्यासाठी अजून दोघांना आणावं असं वाटतं, मलाही वाटलं होतं, आणि काकू त्याच वेळच्या.

मग पुरावे गोळा करा, ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी, कारण नंतर दिसत नाहीत: प्लॅनची पीडीएफ, चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसकट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, झूम मीटिंगच्या लिंक, पैसे कुणाच्या खात्यात गेले ते नाव. कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या खात्यात गेले असतील तर ते वेगळं लिहून ठेवा.

कंपनीला ईमेल करा, तोंडी नको. करार रद्द करतोय, माल परत घ्या, पैसे परत द्या, अमुक तारखेपर्यंत. कूलिंग-ऑफचा काळ शिल्लक असेल तर तसं लिहा.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे गेले असतील, विशेषतः टास्क किंवा खोटं ॲप, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तासाभरात फोन केला तर खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. परताव्याचं आश्वासन देऊन ठेवी घेतल्या असतील तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखा. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारलेली. एकट्याने जाण्यापेक्षा पाच-सहा जण मिळून गेलात तर जास्त लक्ष देतात, हा अनुभव आहे.

आणि ज्यांना तुम्ही जोडलंत त्यांना तुम्ही स्वतः सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. मी काकूंकडे गेले तेव्हा पहिला हप्ता पाचशेचा बरोबर घेऊन गेले होते. त्यांनी तो ठेवून घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि मी निघताना डब्यात थालीपीठ बांधून दिलं.